बुडखा राहू नये म्हणून

आमच्या अप्पांना उद्घाटन झाल्याशिवाय कुठलीही वस्तू खरी वाटत नसे. घरात फ्रिज आला तेव्हा त्यांनी त्याच्या दारावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, नारळ फोडला, शेजारची चार घरं बोलावली आणि मगच बटण दाबलं. आत ठेवायला काही नव्हतं म्हणून त्याच नारळाचं पाणी तांब्यात भरून ठेवलं. पाहुणे पाच-पाच मिनिटांनी दार उघडून ते गार झालं का बघत होते, त्यामुळे ते काही गार झालं नाही.

माजलगावात धान्याच्या मोंढ्याला लागून आमचं भांड्यांचं दुकान होतं. धरणाचं पाणी उसाला मिळालं, ऊस कारखान्याला गेला, आणि घरोघरची पितळी पातेली माळ्यावर जाऊन फळीवर स्टील आलं. नव्वद सालानंतर स्टीलच्या पुढ्यात प्लास्टिक येऊन बसलं. दिल्लीत काय धोरण बदललं ते अप्पांनी पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, पण त्याचा त्यांच्या लेखी अर्थ एकच होता. "आता जग आपल्या दुकानात येणार हाय," ते गिऱ्हाइकांना सांगत. जग आलंही. खोक्यात बसून, वर गोऱ्या बाईचा फोटो लावून आलं.

अशाच एका खोक्यात चिप्सचं मशीन होतं. मशीन हा अप्पांचा शब्द. खरं तर ती हातभर लांबीची पांढरी प्लास्टिकची पट्टी होती. मधोमध तिरपं पातं, खाली उभं राहायला दोन पाय, सोबत बदलायची चार पाती, आणि काळ्या प्लास्टिकची एक टोपी. टोपीच्या आतल्या बाजूला दहा-बारा काटे होते. काकडी किंवा बटाटा त्या काट्यांत खुपसायचा, वरून टोपी धरायची आणि पट्टीवर वर-खाली न्यायची. पात्याखाली कागदासारख्या चकत्या पडत. बोटं टोपीच्या वर राहत, पात्याला लागत नसत.

पुण्याच्या कंपनीचा एजंट चार डझन खोकी उतरवून गेला. जाताना म्हणाला, कंपनी प्रात्यक्षिक दाखवायला एक मुलगी पाठवील, तुम्ही फक्त बायका जमवा. अप्पांना बायकांपेक्षा प्रात्यक्षिक हा शब्द आवडला. पुढचे आठ दिवस ते चहासुद्धा प्रात्यक्षिक केल्यासारखा पीत होते.

वहिनीला आमच्या घरात येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. पाटोद्याकडच्या एका शाळामास्तरांची ती मुलगी, बी.ए. झालेली. लग्नाच्या बैठकीत तिच्या वडिलांनी एकच गोष्ट मागितली होती. पोरीची इंग्रजी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा राहिली आहे, ती देऊ द्या, आणि पुढं कुठं नोकरी मिळाली तर करू द्या. बैठकीला दहा माणसं होती. दहा माणसांसमोर अप्पा कधी नाही म्हणत नसत. "देऊ द्या म्हंजे काय? आमी स्वतः फॉर्म भरू," असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडं बघून घेतलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, "कावून कबूल केलं?" तर म्हणाले, "आधी पास तर होऊ दे."

फॉर्म मात्र त्यांनी भरला. दोन भरले, कारण माझीही तीच परीक्षा होती. मी त्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. रोज सकाळी आठ ते नऊ आम्ही नणंद-भावजय एकाच क्लासला जायचो, शेजारशेजारच्या दोन मशीनवर बसायचो. तिथं बारा टाइपरायटर होते आणि त्यांतले नऊ चालत. वहिनीची बोटं बघत बसावीत अशी होती. घरात पोळ्या लाटताना, धुणं धुताना ती एक सामान्य सून होती, जरा हळू काम करणारी. मशीनसमोर बसली की पाठ ताठ होई, नजर उताऱ्यावर, आणि बोटं खाली आपलं आपलं बघून घेत. मिनिटाला अडतीस शब्द, चुका दोन नाहीतर तीन. मी तीसच्या अलीकडं-पलीकडं लोंबकळत होते. क्लासचे सर माझ्यामागं उभे राहून म्हणत, "तुमच्या वहिनींकडं बघा जरा." मी बघत होते. इतकं कुणी बघितलं नसेल.

आणि जागा एकच होती. गावातल्या कॉलेजात कारकून-टंकलेखकाची जागा जूनमध्ये भरायची होती. प्राचार्य दुकानात स्टीलचा पिंप घ्यायला आले तेव्हा त्यांनी अप्पांना सांगितलं, तीस पास झालेली कुणी ओळखीची मुलगी असेल तर अर्ज टाकायला लावा. "एक सोडून दोन हाईत आमच्या घरात," अप्पा म्हणाले. त्या दिवशी जेवताना ते हे चारदा बोलले. वहिनी वाढत होती. तिचा हात थांबला, भाताची मूद माझ्या ताटात पडायच्या आधी क्षणभर डावातच राहिली. ती कधी काही मागत नसे, पण ही जागा तिला हवी आहे हे मला तेव्हा कळलं, आणि मलाही हवी आहे हेसुद्धा.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना अप्पांनी एक खोकं घरी आणलं. माहितीचा कागद इंग्रजीत होता. घरात इंग्रजी वाचणाऱ्या दोघी, पण सासऱ्यासमोर कागद हातात धरून उभं राहायचं वहिनीचं काम नव्हतं, म्हणून तो माझ्याकडं आला. मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. बारा कामं एका यंत्रात. चकत्या, सळ्या, जाळी, कीस. कोबी, गाजर, सफरचंद, अननस. अननस ऐकून आईनं तोंड वाकडं केलं. अगदी खाली, चौकटीत, लाल अक्षरांत एक ओळ होती. पातं अतिशय धारदार आहे, टोपीशिवाय कधीही वापरू नये. ती ओळ मी मनात वाचली. मोठ्यानं वाचली नाही. तिथवर येईपर्यंत अप्पा काकडी मागत होते, दादा आमटी निवतेय म्हणत होता, आणि मला कंटाळा आला होता, हे सगळं खरं आहे. पण मी ती ओळ वाचली होती आणि कागदाची घडी घातली, हेही तितकंच खरं आहे.

पहिली काकडी आईनं टोपी लावून केली. चकत्या सुरेख पडल्या. मग टोपी उचलली, तर काट्यांना दोन बोटं जाडीचा तुकडा चिकटलेला. तो टोपीला काही सोडेना. आईनं तो नखानं ओरबाडून काढला आणि सगळ्यांना दाखवला.

"ह्यो बघा बुडखा. एका काकडीला एवढा."

"मग तो हातानं चिरायचा," मी म्हटलं.

"हातानंच चिरायचं तर मशीन कशाला? आन् चार काकड्यांचे चार बुडखे? पाटलाच्या घरी चालंल. आपल्याकडं न्हाई."

मग तिनं टोपी बाजूला ठेवली, दुसरी काकडी नुसत्या तळव्याखाली धरली आणि शेवटपर्यंत कापली. शेवटच्या दोन चकत्यांना तिची बोटं पात्यापासून केसभर अंतरावर होती. तिनं चाळीस वर्षं विळीवर बसून काढली होती. अशा हातांना पातं घाबरत असावं. शेवटी पट्टीवर काहीच उरलं नाही. अप्पा खूश झाले.

"असं दाखवायला पायजे. बुडखा दिसला की बाया घेणार न्हाईत. त्यांला आधी वाया काय गेलं ते दिसतं."

हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आमच्याकडच्या बाईला मशीन किती वेळ वाचवतं ते सांगून उपयोग नव्हता. वेळ तिचा कुणी धरतच नव्हतं. काकडीचा बुडखा मात्र घरातल्या प्रत्येकाला दिसला असता. दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकानातल्या सगळ्या खोक्यांतल्या टोप्या काढून एका पोत्यात भरल्या. गिऱ्हाइकानं मागितली तरच द्यायची असं ठरलं. कुणी मागणार नव्हतं, कारण टोपी असते हे कुणाला माहीत नव्हतं.

कार्यक्रम दुकानासमोर मंडप घालून ठेवला. महिलांसाठी हळदीकुंकू, आणि आधुनिक पाककला यंत्राचं भव्य प्रात्यक्षिक. वाळवणाचे दिवस तोंडावर होते, उपासाच्या बटाट्याच्या चिप्स घरोघर व्हायच्या होत्या, तेव्हा वेळ बरोबर साधली होती. प्रमुख पाहुण्या म्हणून एका माजी सभापतींच्या पत्नी येणार होत्या. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत. आपल्या घरात त्यांनी शेवटची भाजी कधी चिरली होती हे त्यांच्या स्वयंपाकिणीलाच ठाऊक.

आदल्या दिवशी पुण्याहून निरोप आला, मुलगी येत नाही, तिची दुसरीकडं नेमणूक झाली. अप्पा एसटीडी बूथवरून परत आले ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. एवढ्या आत ते एरवी येत नसत.

"सूनबाई करंल," ते आईला म्हणाले. "शिकल्याली हाय. चार शब्द इंग्रजी बोलली तर अजून चांगलं."

वहिनी ओट्याशी उभी होती. डोक्यावरचा पदर नीट करून ती म्हणाली, "मामा, करते मी. पण टोपी लावून करते. दहा दिवसांवर परीक्षा आहे."

ती अप्पांशी इतकं सलग पहिल्यांदाच बोलली असावी. अप्पांना राग आला नाही. ते समजावायला लागले, ते जास्त वाईट.

"बघ बाई, टोपी लावली तर पुढच्या ओळीतल्यांना काय दिसणार? टोपी. आमी टोप्या विकतो का?"

"आत्याबाई," वहिनी आईकडं वळली.

"दहा मिन्टांचं काम हाय. मी रोज करते, माझी बोटं गेली का कुठं?" आई म्हणाली. "आन् बोटांचं एवढं होतं तर सवय करून ठेवायची. वर्षभर इळीवर बसायला कुणी नको म्हणलं होतं?"

दादा तिथंच होता. तो माइकची वायर गुंडाळत होता आणि गुंडाळत राहिला. नवरा म्हणून त्याच्या वाट्याला आलेलं ते एक वाक्य होतं आणि ते त्यानं वायरीत गुंडाळून टाकलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मला लाल ओळ आठवली. तेव्हा सांगता आलं असतं. कंपनीनंच छापलं आहे म्हटल्यावर अप्पांनी ऐकलं असतं, छापलेल्या गोष्टीला ते फार मानत. मी म्हटलं, "चहा टाकू का?"

सकाळी अकराला मंडप भरला. गावच्या बायका, आसपासच्या वस्त्यांवरून आलेल्या, दोन शिक्षिका, पुढं खुर्च्यांवर वजनदार मंडळी. टेबलावर मशीन, त्याला विभूतीचे तीन पट्टे, वर हळदीकुंकू, झेंडूचा छोटा हार. पात्यावरसुद्धा अप्पांनी बोटानं कुंकू टेकवलं होतं, फार हलक्या हातानं. दादा "हॅलो, हॅलो" करत होता. बाईसाहेबांनी नारळ वाढवला आणि भाषण केलं. आजची स्त्री चूल आणि मूल यांत अडकून राहिली नाही, विज्ञानानं तिला मोकळं केलं आहे, असं त्या म्हणाल्या, आणि हात मशीनकडं केला. मशीनमागं वहिनी उभी होती. त्यामुळे हात तिच्याकडंच केल्यासारखा वाटला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनीनं मुळ्यापासून सुरुवात केली. आधी काकडी घ्यायचं ठरलं होतं, पण अप्पांनी मुळा पुढं सरकवला, पांढऱ्या चकत्या लांबून दिसतात म्हणून. ती हळू कापत होती. अप्पा माइकवरून सांगत होते, "बघा, कागदासारखी चकती. बघा, हात दुखत न्हाई." मुळा आखूड होत गेला. तिनं बोटं वर घेतली आणि दोन बोटं जाडीचा मुळ्याचा तुकडा टेबलावर ठेवला. पुढच्या ओळीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "आन् त्याचं काय करायचं मग?" अप्पांनी ते ऐकलं.

"शेवटपर्यंत जातं," ते माइकमध्ये म्हणाले. "सूनबाई, दाखव यांला. काईच वाया जात न्हाई."

तिनं तो तुकडा परत उचलला. मुळा ओला होता, पात्यावर कुंकवाचं पाणी झालं होतं. ती तळवा सपाट ठेवायचं विसरली किंवा तिला येतच नव्हतं. तुकडा घसरला आणि तिचा हात त्याच वेगानं पुढं गेला.

ती ओरडली नाही. नुसता श्वास आत घेतल्याचा आवाज झाला, तोही माइक जवळ होता म्हणून ऐकू आला. तिनं हात उचलला. उजव्या हाताची तर्जनी, टोकाकडून. पांढऱ्या चकत्यांवर एक थेंब पडला, मग एकदम बरेच.

आई तिच्या डाव्या बाजूला उभी होती आणि मी उजव्या. आई हलली नाही. ओठ न हलवता, देवळात कुणी मधे बोलू लागलं तर गप्प करतात तशा आवाजात म्हणाली, "बीट घे."

वहिनीला कळलं नाही. मला कळलं. भाज्यांच्या टोपलीत चार बीट होते, सोलून ठेवलेले. मी त्यातला एक उचलला आणि तिच्या हातात दिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चकत्यांकडं पाहिलं. मुळ्याच्या चकत्या आईनं एका हातानं ताटासकट टेबलाखाली नेल्या होत्या.

वहिनीनं बीट कापला. तर्जनी वर उचलून धरलेली, बाकीच्या बोटांनी आणि तळव्यानं. सगळं लाल झालं, मशीन, टेबल, तिचा हात मनगटापर्यंत. बायका पुढं झुकल्या.

"काय रंग हाय बाई."

"पोरीला लागलं वाटतं," मागच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली.

"बीट हाय ओ ते."

"व्हय का. मला वाटलं लागलं."

दुसरा बीट. तिसरा. अप्पांनी माइक खाली केला नव्हता, पण ते बोलत नव्हते. त्यांना दिसत होतं. कार्यक्रमाचं उद्घाटन झालं होतं, नारळ फुटला होता, आणि उद्घाटन झालेली गोष्ट मधेच बंद पडणं त्यांना अपशकुन वाटे. तिसऱ्या बीटाला त्यांना आवाज सापडला. "काईच वाया गेलं न्हाई," ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग आईनं त्या चकत्यांवर मीठ टाकलं, लिंबू पिळलं आणि ताटं फिरवली. ते आधीच ठरलेलं होतं, चव घेतल्याशिवाय बाई वस्तू घेत नाही म्हणून. मला वाटलं होतं आई ते रद्द करील. तिनं ताट आधी बाईसाहेबांसमोर धरलं. बाईसाहेबांनी दोन बोटांनी एक चकती उचलली, खाल्ली आणि म्हणाल्या, "गोड आहे."

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, "तुकडा कुठाय? आणला असता तर लावून बघितला असता." दादानं माझ्याकडं बघितलं. मी घरी जाऊन ताटं घासायला घ्यायच्या आधी सगळी शोधली, टेबलाखालचं मुळ्याचं ताटही. नव्हता. आमच्या घरात सात पिढ्यांत अंडं शिरलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायकाही बहुतेक आमच्यासारख्याच, गळ्यात लिंग बांधणाऱ्या घरांतल्या होत्या. मी हे कुणाला बोलले नाही. आईनं विचारलं, "सापडलं का?" मी म्हटलं, "गटारीत गेलं असंल." ती म्हणाली, "तसंच म्हण."

चार डझन मशीनं सहा दिवसांत संपली. बायका येऊन "ते बीटवालं" मागत.

नखाच्या अर्ध्यापर्यंतचं टोक गेलं होतं. डॉक्टरांनी तीन आठवडे पाण्यात घालायचं नाही म्हणून सांगितलं. आईनं ते पाळलं, भांडी मला दिली. अप्पा म्हणाले, "परीक्षा काय पळून चालली? सा महिन्यांनी परत असती." पण पोळ्या लाटताना वहिनीचा डावा हात लाटण्यावर आणि उजवा परातीच्या कडेवर असे. परातीवर चार बोटं चालत. पाचवं पट्टीत, वर. मधल्या बोटाला ती शेजारच्या बोटाचं काम शिकवत होती. जे, एच, यू, वाय, एन, एम, ही सहा अक्षरं तर्जनीची. इंग्रजीचं एक वाक्य तरी त्यांच्याशिवाय लिहून बघावं.

परीक्षेच्या दिवशी ती उठून तयार होऊन बसली. अप्पांना नाही म्हणता आलं नाही, कारण तिचे वडील तिला न्यायला पाटोद्याहून आले होते आणि बाहेरच्या खोलीत शेजारचे दोघं बसले होते. आम्ही तिघं अंबाजोगाईच्या बसमध्ये बसलो. क्लासची मशीनं आदल्या दिवशीच टेम्पोतून केंद्रावर गेली होती. तिचे वडील, मास्तर, पुढच्या बाकावर, आम्ही दोघी मागं. तेलगाव मागं पडलं तेव्हा वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"ताई, तो मशीनचा कागद तुम्ही वाचला ना, त्याच्याखाली लाल अक्षरात एक ओळ होती."

मी म्हटलं, "असेल."

"मी नंतर वाचली. घडी उलगडून. मग आठवलं, वाचताना तुमची नजर तिथं थांबली होती."

"मग तू का नाही सांगितलं अप्पांना?"

"मी मामांना कागद वाचून दाखवणार होते का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, राग आला की माणूस काहीतरी चुकीचं बोलतो आणि समोरच्याला जागा मिळते. "टोपी मागितली होती मी. तेवढंच मला मागता येत होतं."

मास्तर मागं वळून म्हणाले, "भूक लागली का पोरींनो?" आम्ही दोघी एकदम नाही म्हणालो.

पत्र आणि तक्ता तिनं वेळेत केला. वेगाच्या उताऱ्याला घंटा झाली आणि सगळ्या खोलीतून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सुरू झाला. ती माझ्या पुढच्या मशीनवर होती. तिची पाठ ताठ होती. थोड्या वेळानं तिचा आवाज बाकीच्या आवाजातून वेगळा ऐकू यायला लागला. तीन ठोके, मग एक खाच, तीन ठोके, खाच. मधेच ती जुन्या सवयीनं पट्टीचंच बोट वापरायला लागली असणार, कारण तेव्हा वेग आला, तिचा खरा वेग, चार-पाच ओळी. मग थांबला. पर्यवेक्षक तिच्याजवळ गेला, कळांकडं बघितलं आणि खिशातला रुमाल काढून दिला. मी मान खाली घातली. मला माझा उतारा पुरा करायचा होता. मी तो केला.

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. मी पास झाले, वेगात काठावर. वहिनीचा वेग सव्वीस आला. अप्पांनी पेढे आणले आणि तिलाच वाटायला दिले, दुकानापासून कोपऱ्यापर्यंत प्रत्येक घरी. सहा महिन्यांनी परीक्षा परत होती तेव्हा तिला पाचवा महिना होता आणि बसचा प्रवास नको असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. त्यानंतर बोटाच्या टोकाला गाठ आली. तिला तिथं कळ लागते का स्पर्शच कळत नाही, हे ती वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं सांगे.

पण ते पुढचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजला अर्ज द्यायचा होता, टाइप केलेला. मी क्लासमध्ये जाऊन करून आणला. घरी आले तर वहिनी मागच्या दारी मिरच्या निवडत बसली होती. मी अर्ज आत न्यायला निघाले तशी ती म्हणाली, "बघू." तिनं हात पदराला पुसले आणि डाव्या हातानं कागद घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मी उभीच होते. तिनं तो फाडला असता, मिरचीच्या हातांनी चुरगळला असता, तरी मला चाललं असतं. मी तशी तयारीच करून उभी राहिले होते.

"दुसऱ्या परिच्छेदात दोन जागी अंतर जास्त पडलंय," ती म्हणाली. "आणि समास सरळ नाही, तिसऱ्या ओळीपासून आत गेलाय. प्राचार्य आधी तेच बघतील."

"एवढ्यासाठी परत करू?"

"परत करा. जागा एकच आहे."

मी परत गेले, दुसरा कागद चढवला आणि अर्ज पहिल्यापासून टाइप केला. त्यात तिला एकही चूक सापडली नाही.